मायना आणि शिक्के

(वसंत व्याख्यानमालेत डोंबिवली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२०१३ सालची संक्रांत सोमवारी होती. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची एक मेलिंग लिस्ट आहे. तिचा एकच पत्ता. त्या पत्त्यावर पत्र टाकलं की यादीतल्या सगळ्यांना पोचतं, मग कुणी टिळकनगरात असो नाहीतर टोरांटोत. ती यादी सांभाळायचं काम माझ्याकडे. आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाई निवृत्तीनंतर संगणक शिकल्या आणि यादीत आल्या. त्या सोमवारी सकाळी त्यांनी चार ओळींचं पत्र पाठवलं. विषयाच्या जागी एकच शब्द होता, 'तिळगूळ'.

संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या. हातात तीन छापील पानं आणि पर्समधून डोकावणारी तांबडी पेन्सिल. शेजारच्या मुलाला त्यांनी पत्राची प्रत छापून द्यायला सांगितलं होतं. त्यानं भलतंच काहीतरी दाबलं आणि पत्राचं सगळं अंतरंग कागदावर उतरलं.

"अरे," बाई म्हणाल्या, "मी चार ओळी लिहिल्या होत्या. मग ही तीन पानं कुणी लिहिली?"

आजचं माझं बोलणं या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. विषय संगणकाचा वाटतो खरा, पण प्रश्न एका भाषाशिक्षिकेनं विचारलेला आहे आणि त्यातल्या सगळ्यात अवघड भागाचं उत्तरही तिनंच शोधून काढलं. ते पुढे सांगतो.

प्रत्येक ईमेलच्या माथ्यावर काही ओळी असतात. त्यांना हेडर म्हणतात. त्यातल्या चारपाच आपल्याला रोज दिसतात: पाठवणारा कोण, कुणाला, विषय काय, तारीख कोणती. उरलेल्या तीसचाळीस ओळी पडद्यामागे असतात. जीमेलमध्ये पत्राच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टिचकी मारून 'शो ओरिजिनल' निवडलं की त्या उघडतात. बहुतेक माणसं त्या एकदा बघतात, घाबरतात आणि पान बंद करतात. ते घाबरणं मला समजतं. पण आपण इथली माणसं असल्या खुणा रोज वाचतो, हेही मला ठाऊक आहे.

आपल्या स्टेशनावर उभं राहा. पाटीवर 'एन' आला की ती कसारा, 'एस' आला की ती कर्जत. 'कसारा' या शब्दात 'एन' कुठून आला? कल्याणला रूळ फुटतात. कसाऱ्याकडे जाणारा तो रेल्वेच्या भाषेत ईशान्य मार्ग आणि कर्जतकडचा आग्नेय मार्ग. इंग्रजीतल्या नॉर्थचा 'एन', साउथचा 'एस'. हे कारण आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसेल, तरी गाडी कुणी चुकत नाही. त्याच पाटीवर गाडीच्या वेळेपाशी पुन्हा एक 'एस' असतो, तो मात्र स्लोचा. एकच अक्षर एका जागी कर्जत, दुसऱ्या जागी धिमी. अक्षराचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो हे शाळेत कुणी शिकवलं नाही, रोजच्या प्रवासानं शिकवलं. हेडर वाचायला एवढीच तयारी लागते.

आणि आपली पत्रं तर हेडरनंच सुरू व्हायची. आपल्याकडे त्याला मायना म्हणतात. वर 'श्री', मग तीर्थरूप की चिरंजीव, मग सा. न. वि. वि. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' एवढं सगळं चार अक्षरांत आणि चार टिंबांत. परक्या माणसाला ती अक्षरं दाखवली तर त्यालाही बाईंच्या तीन पानांसारखीच ती कोड्याची वाटतील. आपल्याला मात्र मायन्यावरूनच कळायचं, की लिहिणारा मोठा की धाकटा, नातं जवळचं की औपचारिक. त्याही आधीच्या खुणा होत्या. पोस्टकार्डाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं असलं की घरात मंगलकार्य. कार्डाचा कोपरा फाडलेला असला की कुणीतरी गेलं. पोस्टमननं ते कार्ड हातात दिलं की आई एक अक्षर न वाचता खाली बसायची. ते कार्ड वाचून झालं की घरात ठेवत नसत. एक फाटलेला कोपरा एवढं सांगायचा.

मायन्यानंतर शिक्के. पूर्वीच्या पाकिटावर पत्र टाकलं त्या कचेरीचा शिक्का असायचा आणि मागच्या बाजूला पोचलं त्या कचेरीचा. दोन तारखा ताडून बघितल्या की पत्र वाटेत किती दिवस रेंगाळलं ते समजायचं. पत्त्याच्या शेवटी पिनकोड. हा पिनकोड एका मराठी माणसाच्या कल्पनेतून आला, आपल्याला त्याचा अभिमान वाटायला हवा. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित. एका नावाची अनेक गावं, पत्ते लिहिणाऱ्यांच्या अनेक भाषा, अनेक लिप्या. यातून पत्राला वाट दाखवायची तर कुठल्याच भाषेवर न अडणारी खूण हवी. १५ ऑगस्ट १९७२ला सहा आकडे सुरू झाले. ठाणे ४००६०१, डोंबिवली ४२१२०१, कल्याण ४२१३०१. कळवा, मुंब्रा, दिवा इथपर्यंत ४००चं राज्य आणि दिवा सोडून गाडी कोपरकडे निघाली की ४२१. टपालाच्या हिशेबात आपण मुंबईपासून वेगळे होतो ते तिथे.

आता बाईंच्या पानांकडे येऊ.

मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली: बाई, हे खालून वर वाचायचं. पानांवर 'रिसीव्ड' या शब्दानं सुरू होणाऱ्या सहा ओळी होत्या. ईमेल आपल्या संगणकावरून थेट समोरच्याच्या संगणकात जात नाही. मध्ये टपालकचेऱ्या असतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. प्रत्येक सर्व्हरला पुढची कचेरी कोणती एवढंच कळलं तरी पुरतं. कल्याणला गाडी कुठल्या रुळावर घालायची तेवढं कळलं की झालं, तसं. आणि हातात पत्र आलं की प्रत्येकानं त्याच्या माथ्यावर आपला शिक्का मारायचा: अमक्याकडून मिळालं, मी तमका, वेळ ही. आधीचे शिक्के पुसायचे नाहीत, बदलायचे नाहीत. नवा शिक्का जुन्याच्या वर बसतो, म्हणून सगळ्यात जुना तळाला. हा रिवाज १९८२च्या ऑगस्टमध्ये ठरला. जॉन पोस्टेल आणि डेव्हिड क्रॉकर या दोघांनी पत्र कसं पोचवायचं आणि त्याच्या माथ्यावर काय लिहायचं याचे नियम लिहिले. पुढे त्यांत भर पडली, दुरुस्त्या झाल्या, पण शिक्का वर मारायचा हे आजही तसंच आहे.

बाई पेन्सिल घेऊन खालून वर निघाल्या आणि तिसऱ्या शिक्क्याशी थांबल्या.

"मी सोमवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी पाठवलं. इथं रविवार लिहिलाय. सोमवारचं पत्र रविवारी कसं पोचेल?"

खरंच तसं छापलेलं होतं. त्यांच्या ओळीत ९.१२ आणि पुढे अधिक शून्य पाच तीन शून्य. वरच्या ओळीत आदल्या दिवसाची संध्याकाळ, ७.४२ आणि पुढे वजा शून्य आठ शून्य शून्य. ही शेवटची चार अंकी खूण म्हणजे ते घड्याळ कुठलं ते सांगणारी. आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं हिवाळ्यात आठ तास मागे. बाईंनी समासात वजाबाकी केली. नऊ बारामधून साडेपाच तास काढले, तीन बेचाळीस. त्यातून आठ काढले, आदल्या दिवसाची संध्याकाळ, सात बेचाळीस. दोन्ही वेळा एकच. पत्र एका मिनिटाच्या आत डोंबिवलीहून निघून त्या सर्व्हरच्या हाती पडलं होतं. त्याचं घड्याळ तेवढं अजून रविवारात होतं.

हेडरमध्ये काही विपरीत दिसलं की निम्म्या वेळा त्याचं उत्तर या चार आकड्यांत असतं. पत्र वाटेत अडकलं असेल तर तेही शिक्क्यांमधल्या अंतरावरून कळतं. दोन शिक्क्यांत तीन सेकंदांऐवजी तीन दिवस दिसले, तर ते तीन दिवस पत्र खालच्या कचेरीत पडून होतं. मग 'तू उत्तरच दिलं नाहीस' म्हणून मित्रावर रागवायचं कारण उरत नाही. आमच्या यादीवर अशा रागाचे दोन प्रसंग केवळ शिक्के वाचून मिटले आहेत.

आणि आता तो अवघड भाग. विषयाच्या ओळीत बाईंनी 'तिळगूळ' लिहिलं होतं, आणि तिथं छापलेलं असं: बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, प्रश्नचिन्ह, बी, प्रश्नचिन्ह आणि मग चोवीस चिन्हांची एक माळ. रोमी अक्षरं, काही मोठी, काही छोटी, मध्ये आकडे, एक तिरपी रेघ.

मी म्हटलं, बाई, हे सोडा, हे यंत्रासाठी असतं.

बाईंनी सोडलं नाही. त्यांनी माळेवर तांबडी पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. "हे 'चार के एस' सारखं येतंय बघ. हा काय प्रत्यय आहे?" मग त्यांनी दर चार चिन्हांनंतर उभी रेघ मारली. चोवीस चिन्हांचे सहा गट पडले. तिसरा गट 'चार के एस झेड' आणि सहावाही 'चार के एस झेड'. बाई थोडा वेळ त्याकडे बघत राहिल्या. मग 'तिळगूळ' शब्द त्यांनी सुटा करून लिहिला: त, वेलांटी, ळ, ग, ऊकार, ळ.

"तिसरा ळ आणि सहावा ळ," त्या म्हणाल्या. "झेड म्हणजे ळ."

मी पंधरा वर्षं या ओळी बघत होतो. माझ्या हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं.

हे असं का होतं ते सांगतो, कारण यात आपल्या लिपीचा थोडा इतिहास दडलेला आहे. ईमेलचे नियम झाले तेव्हा हेडरमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि काही चिन्हं धरून १२८ खुणांना जागा होती. देवनागरीला त्यात जागाच नव्हती. म्हणून सुरुवातीची मराठी माणसं रोमी लिपीत मराठी लिहायची. १९९०च्या दशकात इंटरनेटवर मराठी संस्कृतीचा एक चर्चागट होता, तिथली बरीचशी मराठी अशी रोमी होती. अविनाश चोपडे यांनी 'आयट्रान्स' नावाची पद्धत केली. रोमीत ठरावीक रीतीनं लिहायचं आणि यंत्रानं त्याचं देवनागरी करायचं. पुढे वेगवेगळे फॉन्ट आले, पण पाठवणाऱ्याचा फॉन्ट वाचणाऱ्याकडे नसला की पत्राचा चिखल व्हायचा. १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला १२८ घरं मिळाली. त्या घरांचा क्रम भारत सरकारच्या 'इस्की' या १९८८च्या प्रमाणावरून घेतला होता.

पण हेडरची वाट अजून अरुंदच होती. मग तोडगा निघाला, त्याचे आजचे नियम १९९६च्या नोव्हेंबरमध्ये ठरले: परक्या लिपीचा मजकूर इंग्रजी अक्षरांच्या वेषात पाठवायचा आणि पुढेमागे खूण करायची की हा वेष आहे, उतरवून वाचा. त्या वेषात चौसष्ट चिन्हं वापरतात. आता गंमत बघा. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मावतं, आणि हा वेष तीन बाइटांची बरोबर चार चिन्हं करतो. म्हणून मजकूर सलग देवनागरी असेल तर आपल्या प्रत्येक चिन्हाला चार-चारचा एक गट, ना कमी ना जास्त. बाईंनी मारलेल्या रेघा म्हणूनच अचूक पडल्या. मध्ये एखादी मोकळी जागा किंवा इंग्रजी आकडा आला की ही चौकट सरकते.

देवनागरीची १२८ घरं म्हणजे एका सोसायटीच्या दोन विंगा समजा, प्रत्येकीत चौसष्ट घरं. पहिल्या विंगेचा पत्ता 'चार के एस', दुसरीचा 'चार के डब्ल्यू'. चौथं चिन्ह म्हणजे घराचा क्रमांक. मराठीची सगळी व्यंजनं पहिल्या विंगेत. काना तिथेच, आणि अगदी शेवटच्या, चौसष्टाव्या घरात ऱ्हस्व वेलांटी. दीर्घ वेलांटी पलीकडच्या विंगेच्या पहिल्या घरात. दोघी शेजारणी, पण भिंत मध्ये. उकार, मात्रा, पाय मोडायची खूण, आपले देवनागरी आकडे, हे सगळे दुसऱ्या विंगेत.

बाईंच्या माळेत पाचवा गट एकटाच डब्ल्यूचा होता: 'चार के डब्ल्यू सी'. त्यांनी विचारलं, "हा 'गूळ'मधला ऊ ना? आणि मी ऱ्हस्व लिहिला असता तर?"

मी कोष्टक काढून बघितलं. ऱ्हस्व उकाराला सी नाही, बी येतो.

"म्हणजे तिळगूळ चुकीचा लिहिला तर इथंही दिसतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या सीभोवती वर्तुळ काढून समासात 'बरोबर'ची खूण केली. ते पान माझ्याकडे आहे.

या तोडग्यात एक अडचण अजूनही छळते, तिचं कारण समजलं की त्रास कमी होतो. वेष घातलेल्या एका तुकड्याची लांबी पंचाहत्तर चिन्हांपेक्षा जास्त चालत नाही. पुढच्यामागच्या खुणा वजा केल्या की त्यात देवनागरीची जेमतेम पंधरा चिन्हं बसतात. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजून पंधरा. 'डोंबिवली' या एका शब्दालाच आठ लागतात. म्हणून मराठी विषयाची लांब ओळ तुकड्यातुकड्यांनी जाते. तुकडा अक्षराच्या मध्ये तोडू नये असा नियम आहे. काही प्रोग्राम तो पाळत नाहीत आणि मग तुटलेल्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं. कधी सबंध ओळच डोक्यावर मात्रा असलेल्या रोमी 'ए'ंनी आणि गोल चकत्यांसारख्या चिन्हांनी भरून जाते. ते मजकूर यूटीएफ-८चा, पण वाचणाऱ्यानं तो युरोपी लिपीचा समजल्याचं लक्षण. मजकूर गेलेला नसतो. योग्य लिपी सांगितली की तो जसाच्या तसा परत येतो.

आता मेलिंग लिस्टच्या खास ओळी. बाईंच्या पानांवर 'लिस्ट' या शब्दानं सुरू होणाऱ्या पाचसहा ओळी होत्या: यादीची ओळख, पत्र कुठे टाकायचं, मदत कुठे, नाव कसं काढायचं. या १९९८ आणि २००१मध्ये ठरल्या. नाव काढण्याची ओळ आज फार कामाची आहे. २०२४पासून गूगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढायची सोय बंधनकारक केली आहे. तुमच्या मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी 'अनसबस्क्राइब' दिसतं, ते या ओळीवरूनच येतं.

पण यादीच्या पत्रांवर एक संकट येऊन गेलं, त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. मघाशी मी पाठवणाऱ्याचं नाव आपल्याला दिसतं म्हटलं. ते नाव म्हणजे पत्राच्या आत, लेटरहेडवर छापलेलं नाव. लेटरहेड कुणीही छापून घेऊ शकतो. पत्र पोचवताना सर्व्हर एकमेकांना जो पत्ता सांगतात तो वेगळा, पाकिटावरचा. पत्र पोचलं की ते पाकीट टाकून देतात, फक्त त्यावरचा परतीचा पत्ता 'रिटर्न पाथ' या ओळीत नोंदून ठेवतात. लेटरहेड एकाचं आणि पाकीट दुसऱ्याचं, यात लबाडीला भरपूर वाव. तो बंद करण्यासाठी तीन बंदोबस्त आले. एसपीएफ: आमच्या नावानं पत्र टाकायला कोणत्या कचेऱ्यांना परवानगी आहे त्याची जाहीर यादी. डीकेआयएम: पत्रावर लाखेची मोहोर, मजकुरात एक अक्षर बदललं तरी ती फुटते. आणि डीमार्क: मोहोरही फुटलेली असेल आणि कचेरीही यादीत नसेल, तर त्या पत्राचं काय करायचं याची मालकानं दिलेली आज्ञा.

लबाडीसाठी हे उत्तम. पण मेलिंग लिस्ट काय करते? सदस्याचं पत्र घेते, विषयाआधी यादीचं नाव लावते, तळाला दोन ओळी जोडते आणि आपल्या कचेरीतून सगळ्यांना पाठवते. मोहोर फुटली. कचेरीही परकी. २०१४च्या एप्रिलमध्ये एका मोठ्या मोफत मेलसेवेनं आज्ञा जाहीर केली, की आमच्या नावाचं असं पत्र सरळ नाकारा. आमच्या यादीतले कितीतरी जण ती सेवा वापरायचे. त्यांनी लिहिलेलं पत्र इतर सदस्यांचे सर्व्हर नाकारू लागले. यादीच्या यंत्राला वाटलं, या इतर सदस्यांचेच पत्ते बंद पडले आहेत, आणि त्यानं त्यांची नावं यादीतून काढली. ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते गळाले. दोन रात्री जागून मी एकेक नाव परत घातलं. फोन येत होते: "मला का काढलंस? मी काय बोललो?" यंत्राचा निर्णय माणसाला अपमानासारखा लागतो, हे मी तेव्हा पाहिलं.

त्यावर जो उपाय निघाला तो आपण लगेच ओळखाल. यादीनं पाठवणाऱ्याच्या जागी आपलं नाव लावायचं आणि मूळ लेखकाचं नाव 'अमुक, यादीमार्फत' असं लिहायचं. चाळीत पत्र यायचं तेव्हा पाकिटावर 'मार्फत' लिहून घरमालकाचं नाव असायचं ना? तीच रीत. मेलिंग लिस्टवर एखादं नाव विचित्र दिसलं, शेवटी 'व्हाया' आणि यादीचं नाव चिकटलेलं दिसलं, तर तो मार्फतचा पत्ता आहे.

फसवणुकीबद्दल दोन शब्द. एकदा आमच्या यादीवरच्या एका मित्राच्या नावानं त्याच्या वडिलांना मेल आली: परदेशात अडकलोय, पैसे पाठवा. नाव बरोबर, लेटरहेड बरोबर. काकांनी बँकेत जायच्या आधी मला फोन केला, हे त्यांचं मोठं शहाणपण. मी त्यांना 'रिप्लाय टू' ही ओळ वाचायला सांगितली. उत्तर जाणार होतं तो पत्ता मुलाच्या पत्त्यासारखाच, फक्त एक अक्षर जास्त. तेवढं पुरलं. तपासणीच्या निकालाच्या ओळीत 'पास' लिहिलेलं असतं, त्यावरही डोळे मिटून विसंबू नका. पास म्हणजे पत्र त्या नावाच्या कचेरीतूनच आलंय एवढंच. ती कचेरी स्वतः भामट्यानं काढलेली असू शकते. आणि शिक्क्यांपैकी तळाचे खोटे मारता येतात. तुमच्या स्वतःच्या मेलसेवेनं मारलेला सगळ्यात वरचा शिक्का खरा धरा, आणि तिथून खाली येत साखळी कुठे तुटते ते बघा.

मोबाइलवरच्या एसएमएसलाही आपल्याकडे हेडर असतो, सरकारी भाषेत त्याला तेच नाव आहे. बँकेच्या संदेशावर दिसणारं सहा अक्षरी नाव म्हणजे तो. २०२५पासून त्याच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक अक्षर असतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी असेल तर जी. पुन्हा 'एस' आला बघा, तिसऱ्या अर्थानं. वीज तोडणार म्हणून धमकावणारा संदेश साध्या दहा आकडी नंबरावरून आला, तर त्याला हा हेडरच नसतो.

शेवटी त्या ओळींकडे येतो ज्यांना ठरवून दिलेलं काही काम नसतं. 'एक्स' अक्षर आणि आडवी रेघ यांनी सुरू होणाऱ्या ओळी कुणीही आपल्या मनानं घालू शकत असे. २०१२मध्ये तज्ज्ञांनी सांगितलं की नव्या ओळींना हा एक्स लावू नका, तरी लोक लावतात. महत्त्वाचं हे, की सर्व्हरला एखादी ओळ कळली नाही तरी तो ती फेकून देत नाही, पुढे पाठवतो. हा रिवाज मला फार मोलाचा वाटतो. पत्राच्या माथ्यावरच्या सगळ्या नव्या सुधारणा, मोहोर, यादीच्या ओळी, या न समजणाऱ्या जुन्या सर्व्हरांच्या हातून सुखरूप पुढे गेल्या म्हणूनच रुजल्या.

टेरी प्रॅचेट नावाच्या इंग्रज लेखकाची २००४ची एक कादंबरी आहे, 'गोइंग पोस्टल'. टपालखात्याचीच गोष्ट. तिच्यात मनोऱ्यांवरून खुणांनी निरोप पाठवणारी माणसं आहेत. त्यांच्यातला कुणी गेला की ते त्याचं नाव निरोपांबरोबर पाठवत राहतात: पुढे पाठवा, नोंद करू नका, टोकाला पोचलं की परत फिरवा. प्रॅचेट २०१५च्या मार्चमध्ये गेले, तेव्हा जगभरच्या प्रोग्रामरांनी आपल्या संकेतस्थळांच्या आणि मेलच्या हेडरमध्ये त्या कादंबरीतल्या खुणेसकट त्यांचं नाव घातलं. अनेक ठिकाणी ते आजही आहे.

आमच्या बाई २०१९च्या पावसाळ्यात गेल्या. दशक्रियेनंतर मी यादीच्या मांडणीत एक ओळ घातली. त्यात त्यांचं नाव घातलं नाही, कारण आमच्यापैकी कुणीच त्यांना नावानं हाक मारली नव्हती. यादीवरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ती ओळ जाते, वाटेतल्या कुठल्याच सर्व्हरला तिचा अर्थ लागत नाही, आणि सगळे तिला पुढे देतात. उघडून बघितलं तर तिथं बारा चिन्हं आहेत. दर चारांनंतर रेघ मारायची: चार के एस छोटा एस, चार के एस अधिक, चार के एस मोठा आय. ब, काना, ई.